प्रस्तावना : पहिली आज्ञा कोणाची?

२०१२ साली बाजारात आलेल्या थिंकपॅड एक्स२३०चा कीबोर्ड आणि पामरेस्ट काढून बाजूला ठेवले, की मदरबोर्डवर एका पातळ काळ्या आवरणाखाली आठ पायांच्या दोन चिप दिसतात. एक आठ एमबीची, दुसरी चार एमबीची. आजच्या मोबाइलवर काढलेले मूठभर फोटोच या दोन्हींत मिळून मावतील. पण बटण दाबल्यावर प्रोसेसर जी पहिली आज्ञा वाचतो ती या बारा एमबीतून. हार्डडिस्क, विंडोज, लिनक्स या सगळ्यांची पाळी त्यानंतर येते. या पुस्तकाचा विषय या दोन चिप आहेत: त्यांत काय लिहिलेले असते, ते कोणी लिहिले, आणि यंत्राचा मालक ते पुसून तिथे आपल्या पसंतीचे काही लिहू शकतो का.

एक्स२३०चा मालक ते करू शकतो. कोरबूट हे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे या चिपमध्ये राहणारा प्रोग्रॅम, या लॅपटॉपवर गेली अनेक वर्षे चालते आहे. त्याची संहिता जीपीएल परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुली आहे. कोणीही ती उतरवून घ्यावी, वाचावी, बदलावी. जुन्या लॅपटॉपच्या मालकाने या गोष्टीत लक्ष का घालावे, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

लॅपटॉप जुना झाला असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले खरोखर किती झिजलेले असते? बॅटरी उतरते, पंख्यात धूळ बसते, बिजागऱ्या सैल होतात, कीबोर्डवरची अक्षरे पुसट होतात. हे सगळे बदलता येते, आणि थिंकपॅडसारख्या यंत्रात एका स्क्रूड्रायव्हरने बदलता येते. प्रोसेसर आणि मेमरी सहसा झिजत नाहीत. एक्स२३०त सोळा जीबी रॅम बसते, एसएसडी बसते, आणि तेवढ्या बळावर आजचे लिनक्स, ब्राउझर, ऑफिसचे काम, प्रोग्रॅमिंगचा अभ्यास हे सगळे नीट चालते. संपलेले असते ते कंपनीचे लक्ष. काही वर्षांनी ती बायोसचे, म्हणजे या चिपमधल्या तिच्या फर्मवेअरचे, नवे अपडेट देणे थांबवते. व्यवसायाच्या हिशेबात ते समजण्यासारखे आहे. पण ते अपडेट दुसरे कोणी देऊ शकत नाही, कारण संहिता बाहेर कोणालाच मिळत नाही. यंत्राचे वय ठरते ते या ठिकाणी.

वरच्या थरावरही हेच घडले. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागतो, आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे असंख्य धडधाकट लॅपटॉप त्या एका तारखेला 'जुने' ठरले. तिथे निदान लिनक्सचा पर्याय आहे आणि तो पुष्कळांना ठाऊक आहे. खालच्या थरातही पर्याय आहे, हे मात्र संगणकाच्या विद्यार्थ्यांनाही फारसे माहीत नसते.

खालच्या थरातली सत्ता कशी चालते याचे एक साधे उदाहरण देतो. एक्स२३०मधले वाय-फाय कार्ड काढून त्या जागी दुसरे, जास्त वेगाचे कार्ड बसवले, की अनेकदा यंत्र सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर १८०२ क्रमांकाची सूचना येते: अनधिकृत नेटवर्क कार्ड बसवले आहे, यंत्र बंद करा आणि ते काढा. कार्ड चांगले असते, खाच तीच असते, लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर असतो. बायोसमध्ये मान्य कार्डांची एक यादी असते आणि त्या यादीत या कार्डाचे नाव नसते, एवढाच त्याचा दोष. ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याला ती यादी दिसत नाही आणि बदलताही येत नाही. कोरबूटमध्ये अशी यादीच नाही. केवळ या एका कारणासाठी कोरबूटकडे वळलेले लोक आहेत, आणि ते कारण मला मुळीच क्षुल्लक वाटत नाही.

बायोस पहिल्यापासून असा झाकलेला नव्हता. आयबीएमने १९८१ साली आपला पीसी आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक संदर्भग्रंथात बायोसची पूर्ण संहिता छापली होती. वाचायला मुभा होती, नक्कल करायला नव्हती. मग कॉम्पॅकने आणि पुढे १९८४ साली फिनिक्स टेक्नॉलॉजीजने वेगळी वाट काढली. एका गटाने आयबीएमची संहिता वाचायची आणि ती काय करते एवढेच लिहून काढायचे. मूळ संहिता कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवी संहिता लिहायची. पीसीची सारी बाजारपेठ या युक्तीवर उभी राहिली. परंतु फिनिक्स, अवॉर्ड, एएमआय या कंपन्यांनी स्वतःची संहिता छापली नाही, ती परवान्याने विकली. पुढे बायोसची जागा यूईएफआयने घेतली. त्याचा पाया असलेला टियानोकोर हा प्रकल्प खुला आहे, पण लॅपटॉपमध्ये प्रत्यक्ष जे येते त्यात त्या पायावर चढवलेले कित्येक थर बंदच असतात.

कोरबूटचा जन्म लॅपटॉपसाठी झाला नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९च्या हिवाळ्यात रॉन मिनिच यांनी लिनक्सबायोस या नावाने तो सुरू केला. त्यांच्यापुढे शेकडो संगणक जोडून केलेल्या क्लस्टरचा प्रश्न होता. त्या काळचा बायोस प्रत्येक यंत्रासमोर एक माणूस बसला आहे असे गृहीत धरून चाले. कीबोर्ड जोडलेला नसेल तर अडून बसे, आणि एखादी सेटिंग बदलायची तर प्रत्येक यंत्राला पडदा आणि कीबोर्ड जोडून ती हाताने बदलावी लागे. मिनिच यांचा विचार सरळ होता. हार्डवेअर ओळखण्याचे, चालवण्याचे बहुतेक काम लिनक्स स्वतः पुन्हा करतेच, तर मग बायोसचे लटांबर कशाला? चिपमध्ये थेट लिनक्सच ठेवावे. प्रत्यक्ष करताना लक्षात आले, की लिनक्स सुरू होण्याआधी काही गोष्टी कोणीतरी कराव्याच लागतात, आणि त्यांतली एक फार कठीण आहे. या प्रकल्पाला २००८ साली कोरबूट हे नाव मिळाले.

ती कठीण गोष्ट म्हणजे रॅम जागी करणे. इथे थोडे थांबायला हवे, कारण या क्षेत्रातले खरे कर्तृत्व इथे आहे आणि वापरणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

वीज मिळाल्यावर इंटेलच्या धाटणीचा प्रोसेसर चार जीबीच्या सीमेच्या सोळा बाइट अलीकडच्या पत्त्यावर जातो. तो पत्ता फ्लॅश चिपकडे वळवलेला असतो. पहिली आज्ञा तिथे असते. त्या क्षणी रॅम खाचेत बसलेली असली तरी प्रोसेसरच्या लेखी ती नसते. तिच्यात काही लिहिता येत नाही, लिहिले तर टिकत नाही. आता सी भाषेतल्या कोणत्याही प्रोग्रॅमला चालण्यासाठी स्टॅक लागतो, स्टॅकला मेमरी लागते, आणि मेमरी तर अजून सुरूच व्हायची आहे. या पेचावर एरिक बीडरमन यांनी आरंभीच्या काळात रॉमसीसी नावाचा कंपायलर लिहिला. सीमधला प्रोग्रॅम घेऊन तो अशी यंत्रभाषा तयार करी, की तिला मेमरी लागतच नसे; प्रोसेसरच्या मूठभर रजिस्टरांत सगळे काम उरकायचे. नंतर प्रोसेसरमधली कॅश तात्पुरती रॅम म्हणून वापरण्याची पद्धत रुळली आणि रॉमसीसीची गरज संपली. तरीही, अडचणीच्या तोंडावर नवा कंपायलर लिहून काढणाऱ्या माणसांविषयी मला अतिशय आदर वाटतो.

एवढे झाल्यावर खरे काम सुरू होते. प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात त्या पट्टीचा आकार, वेग, विलंब लिहिलेले असतात. फर्मवेअर ते वाचते. मग मेमरी कंट्रोलरची रजिस्टरे भरते. मग पट्टीकडे जाणाऱ्या तारांचे गट एकेक करून तपासते: इशारा किती उशिरा पाठवला म्हणजे तो अचूक पोहोचतो, किती उशिरा वाचला म्हणजे तो स्वच्छ मिळतो. हे अंतर घड्याळाच्या एका ठोक्याच्या लहानशा अंशाइतके असते, आणि पट्टी बदलली, बोर्ड बदलला की तेही बदलते. इंटेल आपल्या भागीदार कंपन्यांना यासाठी तयार, बंद प्रोग्रॅम देते. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी, म्हणजे एक्स२२० आणि एक्स२३० यांच्यासाठी, कोरबूटच्या स्वयंसेवकांनी त्या बंद प्रोग्रॅमचे वागणे अभ्यासून स्वतःची संहिता लिहिली. या दोन लॅपटॉपवर रॅम जागी करणारी प्रत्येक ओळ आज आपण उघडून वाचू शकतो.

रॅम हाती आली की पुढचे सोपे होते. कोरबूट उरलेले हार्डवेअर मार्गी लावते आणि सूत्रे पेलोडकडे, म्हणजे पुढच्या प्रोग्रॅमकडे, देते. पेलोड कोणते घ्यायचे ते मालकाने ठरवायचे. जुन्या पद्धतीचा बायोस हवा असेल त्याला सीबायोस. यूईएफआय लागत असेल त्याला टियानोकोरवर आधारलेले. चिपमधूनच ग्रब हा बूटलोडर सुरू करून कूटबद्ध डिस्क उघडायची असेल तर तेही. पडदा उजळवण्याचे काम पूर्वी इंटेलच्या बंद तुकड्यावर सोडावे लागे. आता पुष्कळ यंत्रांत ते लिबजीएफएक्सइनिट करते. हे एडा भाषेच्या स्पार्क या रूपात लिहिले आहे, जिथे संहितेतल्या काही प्रकारच्या चुका गणिती पद्धतीने आधीच नाकारता येतात.

आता थिंकपॅडकडे. ही लाट याच मालिकेवर का उठली? कंपन्यांच्या कार्यालयांनी हे लॅपटॉप घाऊक घेतले आणि काही वर्षांनी घाऊक काढून टाकले, त्यामुळे जगभर ते स्वस्तात मिळत राहिले. उघडायला सोपे, दुरुस्तीच्या अधिकृत पुस्तिका उपलब्ध, सुटे भाग मुबलक. २००६च्या एक्स६० आणि टी६०ने सुरुवात झाली. डिसेंबर २०१३मध्ये ब्रिटनमधल्या लेआ रो यांनी लिब्रेबूट हा प्रकल्प सुरू केला. कोरबूटमधले बंद तुकडे वगळून, सामान्य माणसाला थेट बसवता येईल अशा तयार फाइली द्यायच्या, हा त्याचा हेतू. त्याच महिन्यात असे फर्मवेअर घातलेल्या एक्स६०ला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे प्रमाणपत्र मिळाले. ते मिळवणारा तो पहिला लॅपटॉप होता. पुढे २००८चे एक्स२०० आणि टी४०० आले.

एक्स२००नंतर मात्र रस्ता अरुंद होत गेला, आणि वाटेतल्या पहिल्या भिंतीचे नाव इंटेल मॅनेजमेंट इंजिन. इंटेलच्या चिपसेटमध्ये एक वेगळा छोटा प्रोसेसर असतो. मुख्य प्रोसेसर सुरू होण्याआधी तो जागा असतो, त्याला स्वतःचे फर्मवेअर असते आणि ते त्याच फ्लॅश चिपमध्ये राहते. मोठ्या कंपन्यांच्या संगणक विभागाला दूर बसून यंत्रे सांभाळता यावीत, असा त्याचा एक उपयोग. त्याची संहिता बंद आहे आणि तिच्यावर इंटेलची सही असते, म्हणून तिथे दुसरे काही लिहिता येत नाही. एक्स२००मध्ये ते फर्मवेअर चिपमधून पूर्ण पुसून टाकता येते, लॅपटॉप त्याशिवाय चालतो. पुढच्या पिढीपासून ते पुसले तर यंत्र अर्ध्या तासाने आपोआप बंद पडते.

या इंजिनाविषयी अतिरंजित पुष्कळ लिहिले जाते. ते इथे टाळले आहे. जे घडले तेवढेच गंभीर आहे. मे २०१७मध्ये उघड झाले, की या इंजिनातल्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या भागात पासवर्ड तपासण्यात चूक आहे. उत्तर रिकामे पाठवले तरी तो आत घेत असे. ही सोय चालू केलेली व्यावसायिक यंत्रे त्यात सापडली, आणि २०१०पासूनच्या आवृत्त्यांत ती चूक होती. त्याच वर्षी कळले, की इंजिनाच्या नव्या आवृत्तीत मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम चालते. मिनिक्सचे कर्ते अँड्र्यू टॅननबॉम यांना ते वर्तमानपत्रांतून समजले, आणि इंटेलला खुले पत्र लिहून त्यांनी ते नोंदवले. विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली प्रणाली कोट्यवधी यंत्रांच्या पोटात धावत होती आणि यंत्रांच्या मालकांनाच काय, तिच्या कर्त्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

निकोला कॉर्ना यांनी २०१६ साली एमई-क्लीनर लिहून या कोंडीतून अर्धी वाट काढली. इंजिनाच्या फर्मवेअरचे अनेक सुटे भाग असतात; अर्ध्या तासाच्या त्या पहारेकऱ्याला समाधान वाटण्यापुरते भाग ठेवून बाकीचे हे साधन कापून टाकते. एक्स२३०मध्ये सुमारे पाच एमबीचे फर्मवेअर शंभर केबीच्या आत येते. इंजिन सुरू होते, जुजबी काम करते आणि पुढे त्याच्याजवळ चालवायला काहीच उरत नाही. मोकळी झालेली जागा कोरबूटला आणि पेलोडला वापरता येते. हे पूर्ण स्वातंत्र्य नव्हे, आणि पुढच्या प्रकरणांत कुठेही तसा दावा केलेला नाही.

दुसरी भिंत २०१३च्या चौथ्या पिढीबरोबर आली: बूट गार्ड. कारखान्यातून निघताना चिपसेटमधले फ्यूज कायमचे जाळून त्यात लॅपटॉप कंपनीच्या किल्लीचा ठसा कोरता येतो. त्यानंतर त्या किल्लीची सही नसलेले फर्मवेअर प्रोसेसर चालवतच नाही. फ्लॅश चिप उपसून नवी लावली तरी उपयोग नाही. मालकाने घरफोड्यापासून वाचावे म्हणून हा बंदोबस्त, असे सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. पण किल्ली कंपनीकडेच राहते आणि मालकाला स्वतःची किल्ली बसवता येत नाही, तेव्हा तो बंदोबस्त मालकाविरुद्धही तितकाच चालतो. त्या पिढीतला टी४४०पी हा सुटलेला एक अपवाद. त्यावर बूट गार्ड लागू केलेले नाही, म्हणून त्यावर कोरबूट चालते.

म्हणूनच या पुस्तकाने जुन्या लॅपटॉपवर भर दिला आहे. खिशाला परवडतात म्हणून लोक ही यंत्रे घेतात, ते ठीकच. पण मालकाने आपल्या यंत्रातली पहिली आज्ञा स्वतः लिहावी ही मुभा ज्यांत उरली आहे, अशी बाजारात सहज मिळणारी यंत्रे प्रामुख्याने हीच आहेत. नवे घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी अमेरिकेतली सिस्टिम७६, प्युरिझम यांसारख्या थोड्या कंपन्या कोरबूटसह लॅपटॉप विकतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत आणि स्वस्तही नसतात. कधी कधी भिंतीला भगदाडही पडते. २०१८च्या टी४८०वर बूट गार्ड आहे, पण त्या पिढीच्या मॅनेजमेंट इंजिनातल्या एका जुन्या चुकीचा आधार घेऊन माते कुक्री यांनी डीगार्ड हे साधन लिहिले आणि २०२४च्या अखेरीस लिब्रेबूटमध्ये टी४८० दाखल झाला. इंटेलची सुरक्षेतली चूक मालकाच्या कामी यावी, ही व्यवस्था मला मुळीच समाधानाची वाटत नाही. मालकाचा हक्क चुकीच्या भरवशावर राहू नये.

मुक्त फर्मवेअरवाल्यांमध्ये एक वाद आहे आणि त्यावर माझे मत सांगणे वाचकाच्या सोयीचे ठरेल. प्रोसेसरच्या पोटातली सूक्ष्म संहिता, म्हणजे मायक्रोकोड, इंटेल दुरुस्त करून बंद स्वरूपात देते. ती घ्यायची की नाही? सुरुवातीच्या लिब्रेबूटने ती नाकारली, कारण ती मुक्त नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये लिब्रेबूटने धोरण बदलले: बंद तुकडे शक्य तितके कमी ठेवायचे, पण जिथे इलाज नाही तिथे घ्यायचे, आणि मायक्रोकोडच्या दुरुस्त्याही द्यायच्या. जुने कडक धोरण कॅनोबूट आणि ग्नू बूट या प्रकल्पांनी चालू ठेवले. मी बदललेल्या धोरणाच्या बाजूने आहे. मायक्रोकोड नाकारला म्हणून तो प्रोसेसरमधून जात नाही. कारखान्यात कोरलेली जुनी, चुकांसह असलेली आवृत्ती चालूच राहते. बंद संहिता दोन्हीकडे आहे. एकीकडे दुरुस्त, दुसरीकडे नादुरुस्त. शिवाय कडक धोरणामुळे आधार मिळणारी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली असती, आणि एक्स२३०च्या मालकाला लिब्रेबूट मिळालेच नसते. कडक भूमिकेचे ऋण मात्र मोठे आहे. तिने आग्रह धरला नसता तर कोणता तुकडा बंद आहे याची इतकी बारीक नोंद कोणी ठेवलीच नसती.

याच कारणासाठी आज कोणी विचारले तर मी एक्स२००ऐवजी एक्स२३०, टी४३० किंवा टी४४०पी घ्या असे सांगेन. एक्स२००च्या प्रोसेसरांना स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषावरच्या दुरुस्त्या देणार नाही, असे इंटेलने एप्रिल २०१८मध्ये जाहीर केले. एक्स२३०च्या पिढीला त्या मिळाल्या.

सुरक्षेचा मुद्दा आला की फर्मवेअर खुले असले म्हणजे सुरक्षित, असे सरधोपट विधान केले जाते. ते मला मान्य नाही. खुली संहिता तपासता येते, दुरुस्त करता येते. ती कोणी तपासली आणि कोणी दुरुस्त केली, हा वेगळा प्रश्न राहतोच. पण बंद संहितेचे काय होते ते दिसले आहे. सप्टेंबर २०१८मध्ये ईसेट या कंपनीने लोजॅक्स या हल्ल्याचा अहवाल दिला. तो फर्मवेअरच्या चिपमध्येच बस्तान मांडत होता. विंडोज पुन्हा टाकले, डिस्क बदलली, तरी तो तिथेच. डिसेंबर २०२३मध्ये बायनार्ली या संस्थेने लोगोफेल उघड केले. सुरू होताना पडद्यावर कंपनीचे बोधचिन्ह झळकते, ते चित्र वाचणाऱ्या संहितेतच चुका होत्या, आणि बायोस पुरवणाऱ्या आजच्या तिन्ही मोठ्या कंपन्या त्यात आल्या. ज्या लॅपटॉपचे अपडेट थांबले आहेत त्यांच्या मालकांना अशा वेळी वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नाही. कोरबूटवर असलेला एक्स२३० नव्या आवृत्तीने पुन्हा भरता येतो. ज्यांना आणखी काटेकोर बंदोबस्त हवा त्यांच्यासाठी ट्रॅमेल हडसन यांनी सुरू केलेला हेड्स हा प्रकल्प आहे. तो प्रत्येक वेळी फर्मवेअरचे मोजमाप टीपीएममध्ये नोंदवतो आणि कोणी हात लावला असेल तर सांगतो. इथे किल्ली मालकाची असते.

एक भाग बंदच राहतो. कीबोर्ड, बॅटरीचे चार्जिंग, पंखा हे सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर ही वेगळी चिप आहे आणि तिचे फर्मवेअर थिंकपॅडमध्ये कंपनीचेच राहते. म्हणून कोरबूट बसवण्याआधी कंपनीचा शेवटचा बायोस अपडेट एकदा चढवून घ्यावा. त्यातून कंट्रोलरचेही अपडेट होते आणि नंतर ते करणे अवघड जाते.

क्रोमबुकांविषयी थोडक्यात. २०१२नंतरची जवळजवळ सगळी क्रोमबुके कोरबूट घेऊनच कारखान्यातून निघतात. शाळांनी विकत घेतलेली, अपडेटची मुदत संपलेली पुष्कळ क्रोमबुके मिस्टरक्रोमबॉक्स या नावाने मिळणाऱ्या फर्मवेअरने पूर्ण लिनक्सचे लॅपटॉप होतात. पुष्कळ जुन्या मॉडेलांत त्यासाठी मदरबोर्डवरचा एक ठरावीक स्क्रू काढावा लागतो, कारण तोच चिपवरचे लिखाण रोखतो. हार्डवेअरचा मालक ओळखण्याची ही पद्धत मला सगळ्यांत न्याय्य वाटते: ज्याच्या हातात यंत्र आणि स्क्रूड्रायव्हर आहे, तो मालक.

महाराष्ट्रात या विषयाची सामग्री आधीपासून आहे, फक्त तिचा उपयोग दुसऱ्या कामाला होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि जिल्ह्याजिल्ह्यांत लॅपटॉप दुरुस्त करणारे कारागीर बायोस बिघडलेले यंत्र रोज हाताळतात. त्यांच्या टेबलावर चिप वाचणारा-लिहिणारा सीएच३४१ए प्रोग्रॅमर असतो, आठ पायांची क्लिप असते, आणि कोणत्या बोर्डवर चिप कुठे आहे हे त्यांना पाठ असते. कोरबूट पहिल्यांदा बसवायला लागते ते एवढेच. संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडे संहिता वाचण्याचे शिक्षण असते, पण चिपला क्लिप कशी लावतात ते त्यांनी पाहिलेले नसते. या दोघांनी एकमेकांकडून शिकावे, ही हे लिहिण्यामागची मोठी इच्छा आहे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नव्या नियमांत वस्तू पुन्हा वापरण्याजोग्या करणाऱ्यांनाही नोंदणीकृत स्थान दिले आहे. लॅपटॉपचा पर्यावरणावरचा मोठा भार तो तयार होतानाच पडलेला असतो, त्यामुळे तो आणखी पाच वर्षे वापरला जाणे हा कचऱ्यावरचा थेट उपाय आहे.

जोखीम लपवून ठेवण्यात अर्थ नाही. चुकीचे लिहिले तर लॅपटॉप सुरू होत नाही. त्यावर तीन गोष्टी सांभाळायच्या. मुख्य बॅटरी आणि चार्जर काढल्याशिवाय क्लिप लावायची नाही. चिप ३.३ व्होल्टची आहे. काळ्या रंगाचे स्वस्त सीएच३४१ए पुष्कळदा डेटाच्या तारांवर पाच व्होल्ट पाठवतात, म्हणून मल्टिमीटरने मोजून घ्यायचे किंवा रास्पबेरी पाय वापरायचा. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची: लिहिण्याआधी फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने मूळ मजकूर निदान दोनदा वाचून, दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहून, त्या यंत्राबाहेर जपून ठेवायच्या. त्या फाइलीत त्या एकाच लॅपटॉपचा नेटवर्क पत्ता असतो. दुसऱ्याकडून मिळालेली फाइल तिची जागा घेत नाही. ती प्रत हाताशी असेल तर बिघडलेला लॅपटॉप पुन्हा क्लिप लावून पूर्वीसारखा करता येतो.

वाचकांना एक विनंती. कोरबूटमध्ये बोर्ड स्टेटस नावाचे एक भांडार आहे. कोणत्या मदरबोर्डवर कोणती आवृत्ती नीट चालली, याच्या नोंदी वापरणारे लोकच तिथे पाठवतात. प्रकल्पाची रचना बदलते तेव्हा कोणी चाचणी न घेतलेले बोर्ड संहितेतून वगळले जातात. आजवर असे पुष्कळ वगळले गेले आहेत. तुमच्या एक्स२२०वर किंवा टी४३०वर कोरबूट चालू झाले, तर त्याच दिवशी ती नोंद पाठवा, आणि दरवर्षी नवी आवृत्ती चढवून पुन्हा पाठवा.